तो हार्ट अटॅक नव्हता

चि. मुली,

तुझं पत्र परवा दुपारी वाचलं, रात्री पुन्हा वाचलं. तुझ्या वर्गातला तो मुलगा नशेच्या गोळीच्या ओव्हरडोसनं, म्हणजे जादा मात्रेनं, गेला आणि विद्यापीठाकडून चार ओळींची ईमेल आली. 'आकस्मिक निधन.' दुसऱ्या दिवशी परीक्षेचं वेळापत्रक. महिन्याभरापूर्वी कुठे तीन राज्यं पलीकडे गोळीबार झाला होता, तेव्हा त्याच आवारात मेणबत्त्या होत्या, मौन होतं, भाषणं होती. तुझी मैत्रीण म्हणाली, "ज्यांना गोळी लागली त्यांच्या हातात काय होतं? यानं तर स्वतःच्या हातानं घेतली." तुला उत्तर सुचलं नाही. आणि आता तू प्रबंधाचा विषयच बदलायला निघालीस. बंदुका सोडून ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि नशेचे पदार्थ, कारण तो आकडा मोठा.

अगं, आकडा मोठा आहे म्हणून विषय बदलतात का? ते आकडे मला पाठ आहेत. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्याच वर्षी अमली पदार्थांच्या ओव्हरडोसनं १,०६,६९९ गेली, त्यातली ८० हजारांहून जास्त ओपिऑइडपायी. तू हे दोन आकडे शेजारी मांडलेस आणि थांबलीस. थांबू नकोस, पहिला आकडा फोडून बघ. बंदुकीनं गेलेल्यांतली २६,३२८ माणसं आत्महत्या करून गेली, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांच्यासाठी मेणबत्ती लागलेली पाहिलीस कधी? उरलेल्यांत बहुतेक खून. त्यातही काळ्या वस्त्यांमधली तरुण पोरं किती तरी, एकेकटी मेलेली, कुणी गाडीत, कुणी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी. त्यांची बातमी स्थानिक वाहिनीवर अर्धा मिनिट. शाळेत, मॉलमध्ये एका वेळी अनेक मारले गेले अशा घटनांचे बळी बंदुकीच्या एकूण मृत्यूंमध्ये शंभरात एखाद-दुसरे. तुझ्या आवारातल्या मेणबत्त्या त्यांच्यासाठी होत्या. त्या लागायलाच हव्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तुझ्या मैत्रिणीची वाटणी चुकते आहे ती इथे. काही मरणं अशी असतात की घरचे त्यांचं कारण मोठ्यानं सांगू शकतात, आणि काहींचं कारण त्यांना गिळावं लागतं. कपाटातली बंदूक घेऊन धान्याच्या कोठारामागे गेलेला साठीचा शेतकरी आणि तुझ्या वर्गातला मुलगा, दोघांची कारणं गिळलेलीच. आपल्या मराठीत डबीतली असो की बंदुकीतली, दोन्हीला गोळीच म्हणतात. तेवढा शहाणपणा आपल्या भाषेत आहे, माणसांत नाही.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहणार आहे, कंटाळलीस तरी. मरणाचं कारण दडवायचं नाही.

मी हे कुठून शिकले ते सांगायला हवं. तुला मी औषधाच्या दुकानातली मावशी म्हणून माहीत आहे. ओहायो राज्यातल्या डेटन शहराच्या दक्षिणेला एका उपनगरात मी सव्वीस वर्षं चिठ्ठ्या भरल्या. ऑक्सीकॉन्टिन हे दुखण्यावरचं ओपिऑइड औषध १९९६ साली बाजारात आलं, तेव्हा मी नुकती लायसन्स मिळवून उभी राहिले होते. निळा ट्रे, पट्टीसारखा चमचा, आणि पाच-पाचनं गोळ्या सरकवायच्या. पाच, दहा, पंधरा. साठ झाल्या की नारिंगी डबीत ओतायच्या, पांढरं झाकण दाबून फिरवायचं. छप्पर शाकारणारे, गाड्यांच्या कारखान्यातले, पाठ धरलेले, गुडघे गेलेले लोक. 'थँक्यू' म्हणून जायचे आणि महिन्याच्या तिसाव्या दिवशी यायचे. मग सव्विसाव्या दिवशी यायला लागले. मग बाविसाव्या.

मला दिसत नव्हतं असं म्हणणार नाही. पण डॉक्टरची सही खरी होती. कंपनीची माणसं पत्रकं ठेवून जायची, त्यांत लिहिलेलं असायचं की दुखण्यासाठी घेतलं तर एक टक्क्यालाही व्यसन लागत नाही. त्याच्या मुळाशी १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं पाच वाक्यांचं पत्र होतं, हे आम्हाला खूप नंतर कळलं. पाच वाक्यं! आणि मी काही वेस्ट व्हर्जिनियातल्या केरमिटसारखी नव्हते. तिथे चारशे वस्तीच्या गावातल्या एका दुकानात दोन वर्षांत ९० लाख गोळ्या उतरल्या होत्या. माझ्याकडे हिशेब चोख होता, नोंदवही चोख होती. लवकर आलेल्याला मी परत पाठवत असे. तो कुठे जात असेल, हा विचार करत नसे. २००७ साली ऑक्सीकॉन्टिन बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मानं त्याच्या व्यसनाबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला. मी ती बातमी दुकानात उभ्यानंच वाचली आणि पुढची चिठ्ठी घेतली. काय करायला हवं होतं मी? नोकरी सोडायची? दोन मुलं होती, घराचे हप्ते होते. हे मी तुला का समजावते आहे कुणास ठाऊक. असो.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आपल्यातल्या एका घरातला मुलगा गेला. तेवीस वर्षांचा. गणेशोत्सवात ढोल वाजवायचा, माझ्या हातच्या पुरणपोळ्या मोजून खायचा. आईला तो बाथरूममध्ये सापडला, दार आतून बंद. मी तासाभरात पोचले. ओठ निळे-करडे झालेले, डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. फार्मसिस्टला दुसरं काही सांगावं लागत नाही. आईनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "हार्ट अटॅक होता म्हणायचं. तुम्ही सांगितलंत तर लोक मानतील."

मी सांगितलं. त्या रात्री तीस-पस्तीस घरांत फोन केले. "हृदयाचा काहीतरी जन्मजात दोष होता हो, कळलंच नाही कुणाला." माझ्या आवाजाला वजन होतं, औषधातली बाई ना मी. सगळ्यांनी मानलं. अंत्यदर्शनाला दीडशे माणसं आली, आई ताठ मानेनं उभी राहिली, आणि मला वाटलं मी पुण्याचं काम केलं.

दीड वर्षानं त्याच मुलांच्या टोळक्यातला दुसरा एक सापडला. त्याच्या बहिणीला वेळेत दिसला म्हणून वाचला. अँब्युलन्सवाल्यांनी नाकात नार्कनचा, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणाऱ्या नालोक्सोन औषधाचा, फवारा मारला आणि तो श्वास घेऊन उठून बसला. आठवड्यानं त्याची आई दुकानात आली. रांगेत उभी राहिली, नंबर आला तेव्हा काउंटरवर हात टेकून विचारलं, "त्या वेळी तुम्हाला माहीत होतं ना?"

मी हो म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत? माझा मुलगा त्याच्याच खोलीत झोपायचा हो."

पहिल्या आईवर माझा राग नाही, तिला जे झेपलं ते ती बोलली. तिनं सांगितलं ते तिचं, मी फोनवर सांगितलं ते माझं. दडवलेल्या कारणाची किंमत ती दुसरी आई मोजता मोजता राहिली. ओहायोत २०१५ पासून फार्मसिस्टला चिठ्ठीशिवाय नालोक्सोन देता येत होतं. माझ्या पाठीमागच्या कपाटात ते होतं, तिला हवं होतं, आणि मध्ये माझा हार्ट अटॅक उभा होता.

आता डेटनचं ऐक, कारण तुझ्या प्रबंधाला लागणारं सगळं या एका गावात आहे. २०१७ साली आमच्या माँटगोमरी काउंटीत ओव्हरडोसनं ५६६ माणसं गेली. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या शवागारात जागा पुरेना. त्याच वर्षी शेजारच्या मिडलटाउनमध्ये नगर परिषदेच्या एका सदस्यानं प्रस्ताव मांडला की ज्याला दोनदा वाचवलं त्याच्याकडे तिसऱ्यांदा अँब्युलन्स पाठवू नये, खर्च परवडत नाही. तो प्रस्ताव अमलात आला नाही, पण दुकानात माझ्यासमोर कितीतरी जणांनी मान डोलावली. सज्जन माणसं, रविवारी चर्चला जाणारी.

मग ४ ऑगस्ट २०१९. डेटनच्याच ओरेगॉन डिस्ट्रिक्ट या भागात मध्यरात्रीनंतर एकानं शंभर गोळ्यांचं मॅगझिन लावून नऊ जणांना मारलं. पोलिसांनी त्याला अर्ध्या मिनिटात टिपलं, तरी नऊ. संध्याकाळी त्याच रस्त्यावर हजारो लोक जमले. गव्हर्नर डिवाइन बोलायला उभे राहिले आणि गर्दीतून ओरडा सुरू झाला, 'डू समथिंग! डू समथिंग!' मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. परत येताना गाडी सुरू केली आणि हात स्टिअरिंगवरच राहिले. ५६६ साठी मी कुठे ओरडले होते? ते कुठल्या रस्त्यावर मेले होते, की जिथे जमायचं? प्रत्येकाचं बाथरूम वेगळं.

आणि पुढे काय झालं तेही लिही, कारण तुझ्या मैत्रिणीला ते ठाऊक नसणार. ओरडा झाला त्या बाजूला, बंदुकीच्या, २०२२ साली त्याच गव्हर्नरनी सही केली आणि ओहायोत एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय लपवून पिस्तूल बाळगायची मोकळीक मिळाली. जिथे कुणी ओरडलं नव्हतं तिथे, ओव्हरडोसच्या बाजूला, आमच्या काउंटीतली मरणं २०१८ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आली. कारफेंटानिल हे अतिजहाल ओपिऑइड बाजारातून ओसरलं हे एक. पण मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार झालेला असल्यानं उपचार परवडू लागले होते, आणि नार्कन पोलिसांच्या गाडीपासून ग्रंथालयापर्यंत पोचलं होतं. औषध कंपन्यांना कोर्टात खेचता आलं, वितरकांकडून अब्जावधी डॉलर वसूल झाले. बंदूक बनवणाऱ्यांना २००५ च्या कायद्यानं तशा बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिलं आहे. आणि बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला संशोधनाचा सरकारी पैसा वापरायला मनाई करणाऱ्या १९९६ च्या डिकी दुरुस्तीनंतर बंदुकीच्या मरणांवरचं सरकारी संशोधन वीसेक वर्षं जवळपास बंदच पडलं होतं. एका अख्ख्या देशानं कारण दडवलं, मी तर फक्त पस्तीस फोन केले.

लोकांची दया कुणाकडे वळते तेही बघ. १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढायचा खडा) आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला सारखीच पाच वर्षांची किमान शिक्षा होती. क्रॅक काळ्या वस्तीत होतं. ऑक्सीकॉन्टिननं गोऱ्या गावांतली घरं पोखरली तेव्हा 'आजार' हा शब्द एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. शब्द बरोबरच आहे, पण तो तीस वर्षं उशिरा आला आणि निवडक दारांवरच आला. हे तुझ्या प्रबंधात नसेल तर मला तो पाठवू नकोस.

"स्वतःच्या हातानं घेतली" याचं उत्तर मागितलंस ना? साठ गोळ्यांची पहिली डबी त्यांच्या हातात माझ्यासारख्यांनी ठेवली. फेंटानिल हे प्रयोगशाळेत बनणारं जहाल ओपिऑइड रस्त्यावर आल्यावर घेणाऱ्याला आपण काय घेतोय तेही कळेनासं झालं. आणि हात त्याचाच होता असं क्षणभर धर. तिसऱ्या मजल्यावरून कुणी स्वतःहून उडी मारली तर अँब्युलन्स बोलवत नाहीस का तू? एवढंच विचार तिला. वाद घालत बसू नकोस, वेळ नाही.

विषय बदलू नकोस. दोन्ही घे. ओहायोतल्या एकाच काउंटीचे मृत्यूचे दाखले घे, बंदुकीचेही आणि ओव्हरडोसचेही, आणि त्याच माणसांच्या वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता त्यांच्या शेजारी ठेव. दाखल्यावर काय लिहिलं आहे आणि घरच्यांनी काय छापलं, हे एकेक ओळ बघत जा. 'घरी शांतपणे', 'अचानक', 'अल्पशा आजारानं'. मार्गदर्शक म्हणतील हे फार लहान आहे. म्हणू देत. अलीकडे काही घरं सरळ लिहू लागली आहेत की आमचा मुलगा ओव्हरडोसनं गेला. तीही शोध, त्यांची वेगळी यादी कर.

नार्कन आता चिठ्ठीशिवाय शेल्फवर मिळतं, २०२३ पासून. एक खोका घे आणि बाथरूमच्या कपाटात ठेव, तुझ्यासाठी नव्हे. मुदत संपली की मला सांग, मी दुसरा देईन. आणि खोलीतल्या चौघींना तो कुठे आहे ते मोठ्यानं सांग.

त्या मुलाच्या आईला काय लिहू, असं शेवटी विचारलंस. त्याचं नाव लिही. प्रयोगशाळेत तो तुला काय म्हणायचा, डबा कुणाबरोबर वाटून खायचा, ते लिही. तुला माहीत आहे ते तिलाही माहीत आहे, तेव्हा 'अचानक' हा शब्द घालू नकोस. हातानं लिही आणि या आठवड्यात टाक. मी त्या पहिल्या आईला अजून लिहिलेलं नाही. कागद काढून ठेवला आहे.

तुझी,
मावशी