राउटरजवळ वेग चांगला, आतल्या खोलीत मात्र वाय-फाय रखडतं. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेऊ का?

लगेच नको. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात कोंबलेला असेल तर आधी बाहेर काढून उंचावर, घराच्या मध्याजवळ ठेवा. मग आतल्या खोलीत फोन कोणत्या बँडवर (वाय-फायच्या लहरींचा पट्टा, २.४ की ५ गिगाहर्ट्झ) आहे ते बघा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे दमतो. २.४ लांब पोचतो, मात्र तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळ्यांचीच गर्दी. २.४ वर राउटरच्या सेटिंग्जमध्ये चॅनेल (बँडमधला छोटा भाग) १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळं असेल ते निवडा. मधली चॅनेल्स एकमेकांवर चढतात. एकाच बँडवर चालणारा स्वस्त रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. त्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलमधून आलेलं इंटरनेट तिथे वाय-फायवर देणारं यंत्र) लावणं केव्हाही बरं. आणि हो, रीस्टार्ट म्हणून ते बारीक रीसेटचं भोक टोचू नका, सगळी सेटिंग्ज पुसली जातील.