बाबांच्या पेटीतली खरखर

प्रश्न : बाबा जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या पेटीच्या रियाजाच्या तीन कॅसेटवरून एकटीच पहिला इलेक्ट्रॉनिक अल्बम करतेय. पण खरखर काढली की बाबाच हरवतात. काय करू? – एक वाचक, मिरज

उत्तर : अहो, काढूच नका! माझ्या आईच्या कॅसेटवरची मी हौसेनं पुसली. उरला तो कुणाचाही आवाज. स्वच्छ करायचं ते फक्त डेकचं हेड (कॅसेटची टेप वाचणारा भाग), कापसानं, स्पिरिट लावून. मग संगणकावर २४ बिटमध्ये, म्हणजे बारकावे टिकवणाऱ्या डिजिटल दर्जात उतरवून घ्या, मूळ प्रतीला हात लावू नका. आता भात्याचा तो ‘फुस्स’ शोधा. अर्ध्या सेकंदाचा तुकडा सॅम्पलरमध्ये (ध्वनीचा तुकडा हव्या त्या सुरात वाजवणारं साधन) दोन सप्तकं खाली वाजवा. जुन्या पद्धतीनं वेगही उतरतो, म्हणून तो दोन सेकंदांचा होतो. माझ्या कानाला तरी लांबून समुद्राची गाज आल्यासारखं वाटतं. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्की २००१ मध्ये आपल्या जुन्या टेप डिजिटल रूपात उतरवत होते, तेव्हा टेपवरचा चुंबकी थर वाजता वाजता झडू लागला. त्यांनी ते झडणंच संगीत म्हणून ठेवलं. आणि ठेका? पहिल्या गाण्यात नकोच. बाबा लय धरायला पायानं फरशीवर ठोकत असतील, तर तेवढं मात्र कॅसेटमध्ये नीट ऐका.