जुन्या जर्मन एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रात) गर्द झाडी, डोक्याला शिंगं फुटलेला माणूस आणि त्याच्यावर झेपावणारे कुत्रे आहेत. ही कोणती कथा? माणसं इतकी छोटी का?

ही अ‍ॅक्टिऑनची ग्रीक पुराणकथा आहे: शिकारीला गेलेल्या या तरुणाला डायना (ग्रीक नाव आर्टेमिस) देवी आंघोळ करताना दिसली, तिने त्याच्यावर पाणी उडवून त्याचं हरीण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या तिसऱ्या भागात ती येते. जवळच पाण्यात बायका दिसत असतील तर शंकाच नको. माणसं छोटी, कारण जर्मन परंपरेत अनेकदा रानच नायक असतं. जर्मन चित्रकार आल्टडॉर्फरने 1520 च्या सुमारास निव्वळ निसर्गाची एचिंग केली, त्यांत कथा नाहीच. पुढे जर्मनीतल्या डेसाऊ शहराच्या कोल्बे या चित्रकाराने (1759–1835) ओक इतक्या जीव लावून रेखाटले की त्याला ‘ओकवाला कोल्बे’ म्हणू लागले. त्याच्या काही चित्रांत गवताची, पाणवनस्पतींची पानं माणसांपेक्षा मोठी आहेत. फार सुंदर काम!

चित्र खरंच एचिंग आहे का हे ओळखायला भिंगातून रेषेचं टोक जरूर बघा. आम्लाने खाल्लेली रेषा बोथट संपते, हाताने कोरलेली निमुळती होत जाते.

मात्र शिंगं माणसाला नसून खऱ्या हरणाला असतील आणि त्यांच्यामध्ये क्रूस दिसत असेल, तर ती संत युस्टेस किंवा ह्यूबर्टची ख्रिस्ती कथा.