स्वयंसेवकांच्या मुक्त स्रोत प्रकल्पाने सामाईक उद्दिष्टे ठरवावीत का?

आपला प्रश्न असा आहे की, आठ-दहा स्वयंसेवकांच्या मुक्त स्रोत (ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पाने वर्षभराची सामाईक उद्दिष्टे ठरवावीत, की ज्याला जे करावेसे वाटते ते त्याला करू द्यावे. उद्दिष्टे जरूर ठरवावीत, असे माझे मत आहे. मात्र जो ती सुचवेल त्याने त्यांचे ओझे आधी स्वतःच्या खांद्यावर घ्यावे.

मी डेबियनमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात, एक लहानसे पॅकेज (त्या सिस्टीममध्ये बसवता येणारा एक प्रोग्रॅम) सांभाळतो, म्हणून उदाहरण तिथलेच देतो. डेबियनच्या १९९८ सालच्या घटनेत एक कलम आहे. त्याचा आशय असा की, घटना कोणावरही काम करण्याचे बंधन घालत नाही आणि नको असलेले काम कोणी केले नाही तरी चालते. पण घटनेनुसार झालेल्या निर्णयांना कोणी खोडा घालायचा नाही. स्वातंत्र्याचा मुद्दा निघाला की लोक या कलमाचा पहिलाच भाग सांगतात. मला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो.

२०१३ च्या सुमारास काही मंडळींनी असे उद्दिष्ट हाती घेतले की, त्याच सोर्स कोडपासून (माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून) पॅकेज कोणीही, केव्हाही बिल्ड केले, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या फाइलीत बदलले, तरी फाइल तंतोतंत तीच निघावी, म्हणजे मधल्या टप्प्यात कोणी फेरफार केला आहे का, हे कोणालाही पडताळता येईल. पॅकेजे हजारो, मेंटेनर (पॅकेज सांभाळणारे) शेकडो, आणि हुकूम सोडण्याचा अधिकार या मंडळींना नव्हता. त्यांनी सगळी पॅकेजे स्वतः दोन-दोनदा बिल्ड करून पाहिली, फरक कुठे पडतो ते शोधले आणि अनेक बगांसोबत (चुकीच्या नोंदींसोबत) तयार पॅचही (कोडमधील दुरुस्त्याही) पाठवले. माझ्या पॅकेजच्या मॅन्युअलच्या पानाखाली बिल्ड केल्याच्या दिवसाची तारीख छापली जात असे. तेवढ्याने दोन फाइली वेगळ्या ठरत. आलेला पॅच तीन ओळींचा होता: तारीख संगणकाच्या घड्याळातून न घेता चेंजलॉगमधल्या (पॅकेजमधील बदलांच्या यादीतल्या) शेवटच्या नोंदीतून घ्यावी. मला या विषयात गोडी नव्हती आणि कित्येक महिने मी तो बग उघडलाही नाही. अखेर त्यांच्यातल्या एकाने मला रीतसर कळवून, हरकत घेण्यासाठी दहा दिवसांची मुदत ठेवून, तो पॅच स्वतः अपलोड केला. माझ्याकडून अपेक्षा एवढीच होती की मी आडवे येऊ नये. बहुतांश पॅकेजे अशी सुधारली गेल्यावर, २०१७ मध्ये, फाइल दर वेळी तंतोतंत तीच निघावी ही अपेक्षा डेबियनच्या लिखित धोरणात आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

याउलट, २००६ मध्ये नवी आवृत्ती डिसेंबरात निघावी म्हणून रिलीजची जबाबदारी पाहणाऱ्यांना काही काळ मानधन देण्याचा प्रयोग झाला. हेतू चांगला होता, पण विनामोबदला काम करणाऱ्या काही विकसकांना तो खटकला, उघड विरोध झाला, आणि आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. उशिराचे कारण हे एकच होते असे मी म्हणणार नाही. तरीही दुखावलेल्या माणसांचा उत्साह ठरावाने परत आणता येत नाही.

रिलीजच्या बाबतीत मात्र सर्वांना एकच नियम असावा. डेबियनमध्ये गंभीर बग तसाच पडून राहिला, तर ते पॅकेज सहसा पुढच्या आवृत्तीतून वगळले जाते, मग मेंटेनर कितीही जुना असो. याने कोणाच्या स्वातंत्र्यावर गदा येते असे मला वाटत नाही, कारण त्याला काम करायला कोणी भाग पाडत नाही. फक्त त्याच्यासाठी बाकीचे थांबत नाहीत.

आपल्या बैठकीत प्रत्येक उद्दिष्टासमोर पहिला पॅच लिहिणाऱ्याचे नाव लिहावे, आणि ज्यासमोर नाव येणार नाही ते या वर्षीच्या यादीतून काढून टाकावे.