पासपोर्ट एका देशाचा, घर दुसऱ्या देशात: विद्यापीठाचे शुल्क कोणते?

या वेळी निवडलेली तीन पत्रे तीन देशांतून आली असली, तरी तिन्हींमागची चिंता एकच आहे. मुलाचे नागरिकत्व आणि त्याचे वास्तव्य यांपैकी शुल्क कशावर ठरते, हा तो प्रश्न. इंग्लंड आणि भारत त्याची जवळजवळ उलटी उत्तरे देतात.

प्रश्न: माझे पती जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या आयटी कंपनीच्या अंतर्गत बदलीवर पुण्याहून रेडिंगला आले आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेला मी व मुलगीही आलो. तिचा जन्म १५ जून २००८ चा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही इथेच व्हिसा बदलून ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा घेतला, त्यामुळे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना अजून मिळालेला नाही. सप्टेंबर २०२६ मध्ये ती विद्यापीठात जाईल. चौथीपासूनचे तिचे सारे शिक्षण इथे झाले, आम्ही कर भरतो. तरीही तिला परदेशी विद्यार्थिनीचे शुल्क भरावे लागेल का? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर: आपण दिलेल्या तारखा पाहता सप्टेंबर २०२६ मध्ये प्रवेश घेतल्यास बहुधा भरावे लागेल, २०२७ मध्ये घेतल्यास बहुधा लागणार नाही. हे विचित्र वाटेल, म्हणून कारण सविस्तर देतो.

इंग्लंडमध्ये पदवी अभ्यासक्रमाचे ‘होम’ शुल्क सरकारने बांधून दिलेले असते. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड आहे. ‘ओव्हरसीज’ शुल्काला अशी मर्यादा नाही आणि ते सहसा याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. विद्यार्थी कोणत्या गटात बसतो, हे ठरवताना भरलेला कर, मालकीचे घर किंवा शाळेतील वर्षे यांचा थेट विचार होत नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाचा पहिला दिवस ही कसोटीची तारीख असते, आणि शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ती १ सप्टेंबर मानली जाते, मग तास प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये का सुरू होईनात.

सर्वांना ठाऊक असलेली वाट म्हणजे त्या तारखेला कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना, अर्थात आयएलआर, हातात असणे आणि त्याआधीची सलग तीन वर्षे देशात नित्य वास्तव्य असणे. कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावरचा काळ स्किल्ड वर्करच्या पाच वर्षांत धरला जात नाही, म्हणून आपली पाच वर्षे ऑक्टोबर २०२७ मध्ये भरतात. म्हणजे २०२७ ची कसोटीची तारीखही आपल्या हातून थोडक्यात निसटते. शिवाय या परवान्याचे नियम कडक करण्याची चर्चा सध्या चालू आहे, त्यामुळे या वाटेवर विसंबून बेत आखणे मला योग्य वाटत नाही.

दुसरी वाट दीर्घ वास्तव्याची आहे आणि तिच्याकडे आपल्या लोकांचे फारसे लक्ष जात नाही. तिचा उगम २०१५ च्या एका खटल्यात आहे. झांबियात जन्मलेल्या आणि लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढलेल्या ब्यूरिश टिगेरे या विद्यार्थिनीला स्थायी परवाना नसल्यामुळे विद्यार्थी कर्ज नाकारण्यात आले होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तिच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर सरकारने नवा प्रवर्ग केला. कसोटीच्या तारखेला विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल, तर आधीची सात वर्षे देशात राहिलेली असावी लागतात. १८ पूर्ण असतील, तर निम्मे आयुष्य किंवा २० वर्षे. दोन्ही बाबतींत शेवटची तीन वर्षे कायदेशीर नित्य वास्तव्य असावे लागते. स्थायी परवान्याची अट मात्र नाही.

सात वर्षांचा नियम वाचून अनेक पालक निश्चिंत होतात. पण इंग्लंडच्या शाळांत वर्गाची वयोमर्यादा ३१ ऑगस्टला बदलते, त्यामुळे तेरावे इयत्ता-वर्ष संपवून विद्यापीठात जाणारे जवळजवळ प्रत्येक मूल १ सप्टेंबरला १८ पूर्ण झालेले असते. सात वर्षांची सवलत ज्यांना मिळावी असे वाटते, त्यांतल्या फारच थोड्यांना ती प्रत्यक्षात लागू पडते. नियम करणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसेल, असे मानणे मला अवघड जाते.

आता आपल्या मुलीचा हिशोब. इंग्लंडमध्ये येताना तिचे वय साडेनऊ वर्षांहून थोडे अधिक होते. तितकीच वर्षे इकडे होतील तेव्हा निम्मे आयुष्य भरेल, आणि तो दिवस २०२७ च्या जुलैअखेरीस येतो. १ सप्टेंबर २०२६ रोजी ती साडेपाच महिन्यांनी कमी पडते, १ सप्टेंबर २०२७ रोजी महिनाभराच्या फरकाने पात्र ठरते. २०२६ मध्येच प्रवेश घेतला आणि पुढे निम्मे आयुष्य पूर्ण झाले, तर उरलेल्या वर्षांचे शुल्क कमी होईल असे समजू नये. कसोटीची तारीख पहिल्या वर्षाचीच राहते.

म्हणून मुलीची तयारी असेल तर एक वर्ष थांबण्याचा विचार जरूर करावा. ते वर्ष तिने नोकरी किंवा अन्य काही करत, पण इंग्लंडमध्येच काढावे. सुट्टीत आजीआजोबांकडे जाऊन येण्याने वास्तव्य खंडित होत नाही. आठ-दहा महिने भारतात राहिल्यास मात्र प्रश्न विचारले जातील. इंग्लंडमधील प्रवेशाच्या तारखेचा शिक्का असलेला जुना पासपोर्ट, शाळांची पत्रे आणि डॉक्टरांकडील नोंदणीचे कागद आत्ताच एकत्र करावेत. शुल्काचा गट विद्यापीठ ठरवते, कर्जाचा निर्णय ‘स्टुडंट फायनान्स इंग्लंड’ वेगळा घेते, आणि एकाने मान्य केले म्हणून दुसऱ्याने मान्य केलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे दोन्हीकडे हाच पुरावा पुन्हा द्यावा लागेल.

प्रश्न: आम्ही चौघेही ब्रिटिश नागरिक आहोत. नोकरीसाठी सहा वर्षांपूर्वी लंडन सोडून दुबईला आलो. लंडनचे घर अजून आमचेच आहे. मुलगा ब्रिटिश असल्याने त्याला होम शुल्क मिळेलच ना? नसल्यास शेवटची दोन वर्षे त्याला तिकडच्या निवासी शाळेत ठेवले तर चालेल का? (एक वाचक, दुबई)

उत्तर: केवळ पासपोर्टवर मिळणार नाही. ब्रिटिश नागरिकालाही आधीच्या तीन वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि नुसते मालकीचे घर म्हणजे वास्तव्य नव्हे.

निवासी शाळेचा उपायही चालत नाही, आणि त्याला इतिहास आहे. बार्नेट पालिकेविरुद्ध शाह या खटल्यात १९८२ च्या डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नित्य वास्तव्याची व्याख्या केली. स्वेच्छेने आणि काही निश्चित हेतूने एखाद्या जागी राहणे, जे त्या काळापुरते आपल्या नेहमीच्या जीवनक्रमाचा भाग झाले आहे, ते नित्य वास्तव्य. आणि शिक्षण हाही असा हेतू असू शकतो, असे लॉर्ड स्कारमन यांनी म्हटले. सरकारला हे परवडणारे नव्हते. पुढच्याच वर्षीच्या नियमांत, मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी केलेले वास्तव्य या तीन वर्षांत धरायचे नाही, अशी अट आली आणि ती आजही टिकून आहे.

एक शक्यता तपासून पाहावी. आई किंवा वडील ‘तात्पुरत्या’ नोकरीमुळे देशाबाहेर असतील, तर तो काळ वास्तव्यातील खंड मानला जात नाही. पण त्यासाठी मुदतीचा करार, लंडनच्या कंपनीने पाठवल्याचे पत्र, परतण्याची ठरलेली तारीख असे काही दाखवावे लागते. सहा वर्षे दुबईतील कंपनीची बेमुदत नोकरी, मुलांची शाळा तिथेच, लंडनच्या घरात भाडेकरू, अशा स्थितीत ‘तात्पुरते’ हे पटवून देणे कठीण आहे. युरोपीय देशांत राहणाऱ्या काही ब्रिटिश कुटुंबांना ब्रेक्झिटनंतर २०२७ अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी सवलत आहे. आखाती देशांचा तीत समावेश नाही.

प्रश्न: मुलीचा जन्म अमेरिकेत झाला. २०११ मध्ये आम्ही पुण्याला परतलो आणि त्याच वर्षी तिचे ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) कार्ड काढले. आम्ही दोघे भारतीय नागरिक आहोत. तिला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. ओसीआय विद्यार्थ्यांना फक्त एनआरआय जागा मिळतात, असे क्लासमध्ये सांगितले. माझ्या भावाची मुलगीही अमेरिकेतच जन्मलेली. तिचे कार्ड २०२२ चे आहे. दोघींना एकच नियम लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: लागणार नाही. इथे पुण्यातील वास्तव्याला गौण स्थान आहे आणि कार्डाच्या नोंदणीची तारीख निर्णायक आहे.

केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय कार्डधारकांना प्रवेशपरीक्षांच्या बाबतीत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीला ठेवले आणि केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा त्यांना बंद केल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ही अधिसूचना वैध ठरवली, परंतु ती पुढच्या काळापुरतीच लागू होईल, असे स्पष्ट केले. ज्यांनी ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड घेतले, त्यांचा सर्वसाधारण जागांसाठीचा हक्क कायम राहिला. म्हणून आपली मुलगी सर्वसाधारण जागेसाठी स्पर्धा करू शकते, तर पुतणीला एनआरआय जागांपुरतेच थांबावे लागेल. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांत या जागा जास्तीत जास्त १५ टक्के असाव्यात, असे २००५ च्या इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने ठरवले आहे आणि त्यांचे शुल्क सर्वसाधारण जागेच्या काही पटींनी असते. पुण्यातच लहानाची मोठी झालेल्या मुलीला ‘अनिवासी’ म्हणणे तर्काला धरून नाही, असे माझे मत आहे. पण नियम तसा आहे.

राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून होणे आणि अधिवासाच्या अटी हा स्वतंत्र विषय आहे, आणि तो त्या वर्षीच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेतूनच तपासावा. पुतणी अल्पवयीन असेल आणि तिचे आईवडील भारतीय नागरिक असतील, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ नुसार तिला भारतीय नागरिक म्हणून नोंदवता येऊ शकते. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि अमेरिकेचे नागरिकत्व सोडण्यासारखा निर्णय केवळ शुल्काकडे पाहून घेऊ नये.

आपल्या मुलीच्या बाबतीत एक दक्षता घ्यावी. नव्या पासपोर्टनंतर कार्ड पुन्हा काढले असेल, तर त्यावर अलीकडची तारीख असू शकते. २०११ चे मूळ कार्ड किंवा त्याची प्रत अर्जासोबत जोडावी, आणि ते सापडत नसेल तर मूळ नोंदणीची तारीख दाखवणारा कागद मिळवण्याची खटपट प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधीच करावी.