अणुकेंद्रकांच्या टकरीत तयार होणाऱ्या द्रव्याची विष्यंदिता मोजतात कशी?

अणुकेंद्रकं आदळली की क्षणभर क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा तयार होतं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांचे घटक (क्वार्क आणि ग्लुऑन) सुटे झालेलं द्रव्य. त्याच्या विष्यंदितेबद्दल, म्हणजे चिकटपणाबद्दल, तुमचे प्रश्न दोन. इतकं क्षणभंगुर द्रव्य, त्यात मापक बुडवणार कधी? आणि त्याला 'परिपूर्ण द्रव' म्हणतात, म्हणजे ते पाण्यापेक्षा पातळ आहे का?

मापक बुडवतच नाहीत. गिरगावच्या आमच्या खोलीत आई रव्याच्या लाडवांचा पाक करायची तेव्हा थर्मामीटर नव्हता. पळीतला थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूच लांब करायची, एक तार आली की गॅस बंद. ताणल्यावर पाक काय करतो, त्यावरून तो किती चिकट झालाय हे ती ओळखायची. इथेही तसंच, फक्त ताणणारी बोटं आपली नसतात.

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची केंद्रकं आदळवायचे, युरोपातल्या सर्नला शिशाची आदळवतात. ती नेमकी समोरासमोर क्वचितच येतात, बहुतेकदा कडेकडेने घासतात. एकमेकांवर आलेला भाग बदामासारखा असतो. बदामाच्या रुंदीकडे दाब थोड्याच अंतरात उतरतो, लांबीकडे सावकाश. म्हणून द्रव्य रुंदीकडे जास्त जोरात उसळतं. सगळा खेळ साधारण दशांशचिन्हानंतर बावीस शून्यं आणि मग तीन, इतक्या सेकंदांत आटोपतो. शोधकाला (डिटेक्टरला) दिसतात ते फक्त बाहेर पडलेले कण. ते दिशांनुसार मोजले की असमतोल कळतो, त्याचा आकडा म्हणजे 'व्ही-टू'. तो ०.०६ आला, तर रुंदीच्या दिशेला ११२ कणांमागे लांबीच्या दिशेला ८८. विष्यंदिता म्हणजे थरांमधलं घर्षण, आणि ते हा फरक पुसत जातं. मग संगणकावर वेगवेगळी विष्यंदिता घालून द्रवगतिकीची समीकरणं सोडवायची आणि कुठल्या आकड्याला मोजलेला व्ही-टू येतो ते पाहायचं.

खरी गोची पुढे आहे. सुरुवातीचा बदाम किती चपटा होता, हे कुणी पाहिलेलंच नाही. २००८ च्या सुमारास एका प्रारूपाचा (सैद्धांतिक मॉडेलचा) बदाम घेतला की उत्तर ०.०८ यायचं, दुसऱ्याचा घेतला की ०.१६. तीच मोजमापं, दुप्पट उत्तर! माझ्या मते या विषयातली बहुतेक भांडणं विष्यंदितेची नाहीत, बदामाची आहेत. (कुलाब्याच्या टीआयएफआरमधले, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, राजीव भालेराव आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच्याही आधीचा प्रश्न विचारला होता: हे द्रव्य पुरतं समतोलाला पोचतं तरी का, म्हणजे त्याला द्रवगतिकी लावता येते का?)

सुटका झाली ती बदाम गुळगुळीत नसतो हे लक्षात आल्यावर. केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन दर टकरीत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे आकाराला टेंगळं येतात आणि तीन दिशांना जास्त उसळणारा तिकोनी प्रवाहही दिसतो. २०१० पासून तो मोजायला लागले. तिकोनी प्रवाह विष्यंदितेने जास्त लवकर मरतो, म्हणून व्ही-टूचा आणि तिकोनी असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी जुळवायचे म्हटलं की बरीच प्रारूपं गळतात. पुढे बायेसीय सांख्यिकी आली: आकार, विष्यंदिता, तापमान, सगळं एकदम सैल सोडायचं आणि मोजमापांशी काय जुळतं ते बघायचं. २०१९ च्या अशा एका विश्लेषणात किमान मूल्य सुमारे ०.०८५ आलं, मागेपुढे ०.०२५.

आता दुसरा प्रश्न. हे आकडे नुसत्या विष्यंदितेचे नाहीत, विष्यंदिता भागिले एन्ट्रॉपीची (अव्यवस्थेच्या मापाची) घनता, असे आहेत. नुसती विष्यंदिता काढली तर ती एकावर अकरा शून्यं पास्कल-सेकंदांच्या घरात जाते. म्हणजे पाणी सोडाच, डांबरापेक्षाही शेकडो पट घट्ट. पण एन्ट्रॉपी इतकी खच्चून भरलेली असते की भागाकार इवलासा उरतो. खोलीच्या तापमानाला पाण्याचा हाच भागाकार स्ट्रिंग सिद्धांतातून सुचवलेल्या किमान मर्यादेच्या, म्हणजे एक भागिले ४π च्या (साधारण ०.०८), सुमारे ४०० पट आहे. आपलं द्रव्य त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेलं. 'परिपूर्ण' हा शब्द तिथून आला, पातळपणावरून नाही.

आणि ०.०८५ हा आकडा कुठे वापरणार असाल तर तापमान विचारून घ्या. सुमारे १.८ लाख कोटी अंशांना, जिथे क्वार्क पुन्हा कणांत बांधले जातात, तिथे तो बऱ्यापैकी पक्का आहे. वरच्या तापमानांना अनिश्चिततेचा पट्टा रुंद होत जातो.