जुन्या केस पेपरांचे काय करावे?

प्रश्न : पंचवटीतील माझ्या दवाखान्यात बावीस वर्षांचे केस पेपर माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. आता नोंदी संगणकावर करायच्या आहेत. सॉफ्टवेअर विकणारे गृहस्थ आधी सर्व कागद स्कॅन करा म्हणतात, तर कंपाउंडरच्या मते ते रद्दीत घालावेत. योग्य काय?
— एक वाचक डॉक्टर, नाशिक

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. स्कॅन केलेला केस पेपर म्हणजे कागदाचा फोटो. अक्षर लावण्याचा त्रास तसाच राहतो आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू असलेले रुग्ण शोधू म्हटले तर हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक तारीख ठरवून नव्या नोंदी संगणकावरच करा आणि जुना रुग्ण येईल तेव्हा त्याचा कागद काढून जुने आजार, चालू औषधे, शस्त्रक्रिया आणि अॅलर्जी एवढेच स्वतः भरा. 'स्वतः' हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण केस पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'सल्फा नको' असे लिहिलेले असते, टाइप करणारा मुलगा ते अॅलर्जीऐवजी 'शेरा' या रकान्यात टाकतो आणि मग औषध लिहिताना पडद्यावर इशारा येत नाही.

नावांचा घोळ याहून चिवट असतो. दिंडोरी-पेठकडच्या कुटुंबात अनेकदा मुलाचा एकच मोबाइल सर्वांच्या नावापुढे असतो, त्यामुळे त्या क्रमांकावर सासू, सून आणि नातू एकदमच समोर येतात. शिवाय रोमन लिपीत स्पेलिंग बदलले की एकाच हिराबाईंच्या दोन हिराबाई होतात. म्हणून जुना केस पेपर क्रमांक संगणकातही कायम ठेवावा. रुग्णाकडे 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक) असल्यास तोही जोडावा, मात्र तो ऐच्छिक आहे.

रद्दीची घाई नको. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्याव्या लागतात. बाह्यरुग्णांचे कागदही निदान तेवढा काळ ठेवावेत. न्यायप्रविष्ट प्रकरणाच्या कागदांना निकालापर्यंत हात लावू नये. पुढे नष्ट करताना ते बारीक फाडावेत, नाहीतर कोणाच्या तरी मधुमेहाचा रिपोर्ट रविवार कारंजावर भेळेखाली सापडायचा!

विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, उद्या सॉफ्टवेअर बदलल्यास सर्व नोंदी एक्सेलमध्ये उघडतील अशा फाइलीत मिळतील, हे लेखी घ्या. छापील लेटरहेडचे एक पॅडही टेबलाच्या खणात असू द्या. संध्याकाळच्या ओपीडीत वीज गेली, तर रुग्ण ताटकळत राहणार नाहीत.